हिरव्या दिव्याचा अंधार

कोकणात जाऊन आलेल्या माणसाने निदान आमसुलं तरी आणावीत अशी घरच्यांची अपेक्षा असते. मी आणलं लाल शेवाळ, आणि तेही कुणाला दाखवता येईना, कारण ते उजेडात काढायचं नव्हतं. म्हणून जे गेले नाहीत त्यांच्यासाठी लिहून ठेवते. समुद्र, सुपारीच्या बागा, सूर्यास्त हे सगळं तिथे होतं. माझा बहुतेक वेळ मात्र एका न्हाणीघरात गेला.

आधी कामाचं सांगते, म्हणजे न्हाणीघराचा उलगडा होईल. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. वनस्पती उजेड कसा पकडतात आणि पकडलेली ऊर्जा आत कुणाकडून कुणाकडे जाते, हे आम्ही प्रकाशाच्याच मदतीने बघतो. लाल शेवाळात हा मामला होडीतून मासळी उतरवण्यासारखा असतो. लाल रंगद्रव्य उजेड पकडतं, शेजारच्या निळ्याकडे देतं, निळं हरितद्रव्याकडे, अशी पाटी हातोहात पुढे सरकते आणि शेवटी दोन केंद्रांपैकी एकात रिकामी होते. वाटेत थोडं सांडतं, ते मंद लालसर चमक होऊन बाहेर येतं. शेवाळ द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलं की आतली मांडणी असेल तशी थांबते. मग त्यावर उजेड टाकायचा, परत येणारी चमक वर्णपटमापकात घ्यायची, की पडद्यावर दोन शिखरं उमटतात. पहिलं उंच असेल तर पहिल्या केंद्राला वाटा जास्त, दुसरं उंच असेल तर दुसऱ्याला.

माझा प्रबंध या दोन शिखरांवर उभा होता. उजेडाचा रंग बदलला की ही वाटणी बदलते, हे जगाला ठाऊक आहे. माझा दावा असा की आमचं शेवाळ अंधारात नुसतं ठेवलं तरी थोड्या वेळात वाटणी बदलते, पहिलं शिखर खचतं आणि दुसरं वर येतं. हे ठाऊक असणारी माणसं जगात दोन, मी आणि माझे मार्गदर्शक, म्हणजे सर. पेपर तपासणाऱ्याने लिहिलं की दावा मोठा आहे, समुद्राकाठी जाऊन ताज्या नमुन्यांवर पुन्हा करून दाखवा. ते झालं तर पेपर, पेपर झाला तर प्रबंध, नाही तर सातवं वर्ष. सातव्या वर्षी नातेवाईक विचारायचं थांबतात, आणि ते जास्त वाईट असतं. म्हणून जानेवारीत, अमावास्येची मोठी ओहोटी गाठून, सरांची जुनी गाडी घेऊन मी निघाले.

सामानात द्रव नायट्रोजनची टाकी, वर्णपटमापक, लॅपटॉप, काळी घोंगडी आणि हिरवा टॉर्च. टॉर्चबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडे अंधारातले प्रयोग हिरव्या दिव्यात करतात. पालकाचं पान हिरवा उजेड फारसा घेत नाही, बराचसा परत पाठवतं, म्हणून तर ते हिरवं दिसतं. तेव्हा आपल्याला दिसावं आणि पानाला कळू नये, यासाठी हिरवा दिवा. सरांची हयात पालकावर गेली. आमच्या अंधारखोलीत तो दिवा देवघरातल्या समईसारखा तेवत असतो, आणि नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी त्याची माहिती दिली जाते. फक्त नमस्कार करायला लावत नाहीत.

आगरदांडा

मी गेले त्या वाटेने खाडीपलीकडच्या दिघीला जायला आगरदांड्याला गाडी फेरीबोटीवर चढवावी लागते. मी सोलापूरची. बोटीत गाडी आणि गाडीत आपण, ही रचना पटायला मला वेळ लागला. मी उतरून सामान तपासू लागले. टॉर्च चालतो का बघावं म्हणून लावला, बॉनेटवर ठेवला, आणि बोटीने धक्का सोडताना जो हिसका दिला त्यात तो घरंगळत कठड्याखालून थेट खाडीत गेला. लागलेला होता. क्षणभर पाण्यात हिरवा ठिपका दिसला, मग खाडीचा नेहमीचा मातकट रंग.

बोटीवरचा माणूस धावत आला. “मोबाईल पडला का, ताई?”

“नाही. टॉर्च.”

“मंग जाऊ दे,” तो म्हणाला आणि परत गेला. जाता जाता त्याने मला धीर दिला. “मोबाईल असला तर लोकं उडी मारायला बघतात.”

मी उडी मारायला बघितलं नाही, पण पलीकडचा धक्का येईपर्यंत कठडा सोडला नाही. हिरव्या दिव्याशिवाय काम करायचं ही कल्पनाच मला सोवळं मोडल्यासारखी वाटत होती.

कोळीवाडा

ज्या गावात राहिले त्याचं नाव लिहीत नाही. माझी घरमालकीण हिराकाकी हिने बजावलं आहे, “नाव छापू नको हां. मंग येतात माणसं, आणि समदी संडासाची चौकशी करतात.”

हिराकाकी मासळी विकते. तिचे यजमान नाखवा, म्हणजे होडीचे मालक, आणि होडी चालवणारे तांडेलही तेच. सगळा वाडा त्यांना नाखवाच म्हणतो, मीही तेच म्हणू लागले. त्या आठवड्यात त्यांच्या होडीचं इंजिन खोललेलं होतं. होडी वाळूत आडवी आणि नाखवा ओट्यावर उभे, असा मुक्काम होता. दोघांचाही मूड बेताचा होता.

मला खिडकी नसलेली खोली हवी होती. अख्ख्या घरात अशी एकच, न्हाणीघर. काकीने पदर खोचला, बादल्या बाहेर काढल्या आणि सांगितलं, “आमी विहिरीवर भागवू. तुजं काय ते कर. पण वास न्हाय ना मारणार?” माझ्या शेवाळाला वास येईल की काय, अशी काळजी जिच्या दारात वाकट्यांची मासळी वाळत घातली होती तिने केली. मी न्हाय म्हणाले.

टाकीचं झाकण उघडल्यावर पांढरी वाफ जमिनीवर पसरली. नाखवा दोन पावलं मागे सरले.

“बर्फापरीस गार?”

“खूपच गार.”

“ह्यात सुरमई ठेवली तर?”

“दगड होईल. पाडलीत तर फुटेल.”

त्यांनी विचार केला. “मुंबईवाला व्यापारी तरी घेल,” ते म्हणाले आणि इंजिनाकडे गेले.

जेवणाचं आमच्याकडचं गणित साधं आहे, ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी. इथे तांदळाची भाकरी इतकी मऊ की पहिल्या दिवशी मला ती आजारी माणसासाठी केल्यासारखी वाटली. मी अंड्यापर्यंत खाते असं काकीला सांगितलं. ते तिने ऐकून घेतलं आणि बोंबील तळले. पहिला बोंबील मी तिचा मान म्हणून खाल्ला, पुढचे कुणाचाही मान म्हणून नव्हते.

खडक

सकाळच्या ओहोटीला समुद्र इतका मागे गेला होता की त्याने गाव सोडलं असावं असं वाटलं. आमच्याकडे पाणी गेलं की गेलं. इथे ते दिवसातून दोनदा जातं आणि कुणी चौकशीही करत नाही. उघड्या पडलेल्या खडकांच्या फटीत माझं शेवाळ होतं, गडद तांबडं, ओल्या केसांसारखं. बाजूला काही बायका शिंपल्यांतली कालवं फोडत बसल्या होत्या. त्यातली एक हात न थांबवता माझ्याकडे बघत होती.

“ते खातात व्हय?”

“नाही.”

“मंग गुरांना?”

“नाही हो. बघायचंय फक्त.”

“मंग बग की. तोडतेस कशाला?”

याचं उत्तर प्रबंधाच्या प्रस्तावनेत आहे, पण ते तिथे वाचून दाखवण्यासारखं नव्हतं. मी काळ्या पिशवीत शेवाळ भरलं आणि घोंगडीत गुंडाळून न्हाणीघर गाठलं.

टॉर्च नव्हता, तेव्हा सगळं चाचपडत केलं. बशा ओळीने मांडल्या. एक लगेच गोठवली आणि बाकीच्या थोड्या थोड्या वेळाने. दरम्यान टाकीवर गुडघा आपटला, नायट्रोजनचा थेंब चपलेवर पडला, आणि एक बशी मोरीत गेली. मग बाहेर येऊन वर्णपट घेतले.

काहीच बदललेलं नव्हतं. पहिलं शिखर पहिल्या बशीत जेवढं, तेवढंच शेवटच्या बशीत. माझा प्रबंध सपाट पडला होता.

सरांना फोन केला.

“दिव्याशिवाय केलंस?” ते म्हणाले. “शुभदा, अंधारात बशांची अदलाबदल झाली असणार. वेळा चुकल्या असतील. अशाने काय निष्कर्ष काढणार? आधी दिवा मिळव.”

मला ते इतकं पटलं की हायसं वाटलं.

श्रीवर्धन

हिरवा दिवा शोधायला श्रीवर्धनला गेले. गाव सुरेख आहे. सुपारीच्या बागांतून रस्ता जातो, सावली अशी की दुपारीही डोकं तापत नाही, आणि अंगणा-अंगणात सुपारी वाळत घातलेली. मी यातलं काही नीट पाहिलं नाही, इलेक्ट्रिकची दुकानं पाहिली.

“नुसता हिरवा?” दुकानदार म्हणाला. “लाल-हिरवी-पिवळी माळ आहे. लग्न आहे का?”

“नाही. प्रयोग आहे.”

“मग माळच घ्या. प्रयोग झाल्यावर गणपतीला होईल.”

माळ घेतली नाही. परत येताना एका खानावळीत सोलकढी प्यायले आणि उगाच रडवेली झाले. पोरगी सहा वर्षं शिकते आणि तिला एक हिरवा दिवा मिळत नाही, असं आई म्हणाली असती. आईला मी सांगितलं नाही.

संध्याकाळी ओट्यावर बसून काकीला हे सांगत होते. नाखवा इंजिनाचा काही भाग फडक्याने पुसत होते.

“हिरवा दिवा हाय की आपल्या होडीला,” ते म्हणाले. “उजव्या अंगाला हिरवा, डाव्या अंगाला लाल. समोरच्याला समजाया नको, होडी कुठं चाललीय ती? इंजिन हुईस्तोवर ने. पण होडी निघाली की दिवा पायजे हां. बिनदिव्याची होडी मी न्हाय काढत.”

त्यांनी बॅटरीसकट दिवा आणून दिला. माझ्या टॉर्चच्या मानाने तो राक्षस होता. न्हाणीघरात लावला तर भिंतीवरच्या पालीपर्यंत सगळं लख्ख दिसलं. मी त्यावर पातळ कापड बांधलं, तरी उजेड भरपूर होता. इतका सोयीचा अंधार मला सहा वर्षांत मिळाला नव्हता.

न्हाणीघर

दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीचं शेवाळ आणलं. बशा मांडल्या, गोठवल्या, बाहेर येऊन वर्णपट घेतले, आणि ओट्यावरच ओरडले. पहिलं शिखर खचलं होतं, दुसरं चढलं होतं, आणि नुसतं पुण्याइतकं नव्हे, त्याच्या कितीतरी जास्त. काकी भाकरी टाकून बाहेर आली.

“काय झालं गो?”

“झालं! काम झालं!”

“मंग वरडतेस कशाला? मला वाटलं विंचू.”

सरांना आलेख पाठवले. सर सहसा फोन करत नाहीत. त्यांनी लगेच केला. “ताज्या नमुन्यात परिणाम मोठा येणार, हे मी म्हणत होतोच,” ते म्हणाले. (म्हणत नव्हते.) “उत्तर लिहून ठेव, आकृती जोड आणि पाठवून दे.” मी उत्तर लिहिलं, आकृती जोडली. मोबाईलची रेंज ओट्याच्या एका कोपऱ्यातच येत असे. आधी अंघोळ करावी, मग कोपऱ्यात जाऊन पाठवावं, असं ठरवलं. इतक्या दिवसांत विहिरीवर अंघोळ करण्याचा धीर मला झाला नव्हता, आणि आज न्हाणीघर रिकामं होतं.

काकीने गरम पाण्याची बादली आत ठेवली. उरलेल्या बशा अजून कोपऱ्यात होत्या, म्हणून मोठा दिवा न लावता होडीचाच दिवा ठेवला. कपडे काढले, बसले, आणि पाण्याचा मग सापडेना. मग कुठे गेला? काकीचा मग लाल भडक आहे, तो दुरूनही दिसतो. मी जमिनीवर चाचपडले, बादलीमागे बघितलं. शेवटी हाताला लागला. माझ्या गुडघ्याजवळच होता. काळा ठिक्कर दिसत होता.

बरोबरच आहे, मी स्वतःशी म्हणाले, लाल वस्तू हिरव्या उजेडात काळीच दिसणार. ती सगळा हिरवा उजेड गिळते, परत काय पाठवणार?

मग मी कोपऱ्यातल्या बशांकडे बघितलं. शेवाळ काळं ठिक्कर होतं.

मगातलं पाणी अंगावर घ्यायचं राहिलं. लाल शेवाळाचं लाल रंगद्रव्य हिरवा उजेड पकडतं, त्यावरच ते जगतं, कारण खोल पाण्यात लाल उजेड पोचतच नाही. हे मी कुठेतरी वाचलं होतं असं नाही. मी लिहिलं होतं. माझ्या प्रबंधाचं तिसरं पान. सर आणि मी ते पान अंधारखोलीच्या दारात उभं राहून तपासलं होतं, आणि मग आत जाऊन हिरवा दिवा लावून शेवाळ ‘अंधारात’ ठेवलं होतं. पालकाला जो दिवा दिसत नव्हता तो माझ्या शेवाळाचं ताट होता. मी त्याला सहा वर्षं वाढत होते आणि लिहीत होते की बघा, उपाशीपोटी कसं जगतं.

मला रडू आलं. न्हाणीघरात रडायची सोय चांगली असते.

ओटा

सकाळी नाखवा इंजिनाचा आवाज ऐकत उभे होते. इंजिन सुरू झालं होतं, आणि सगळा वाडा त्याचं कौतुक करत होता.

“बाय, दिवा काढ. दिवस कलताना भरती हाय, होडी काढतोय.”

“नाखवा, दुपारपर्यंत राहू द्या. एकदाच लागतो.”

“काल झालं ना काम?”

“झालं. ते मोडायचंय.”

नाखव्यांनी काकीकडे बघितलं. काकीने खांदे उडवले. “पुन्याची हाय,” ती म्हणाली, सोलापूर मी दहादा सांगूनही.

ओहोटी आता तेवढी खोल नव्हती. गुडघाभर पाण्यात उभं राहून मी शेवाळ काढलं. काकीकडून भाताचा टोप, म्हणजे पातेलं, मागून घेतला, चांगला जाड, वर तिच्या माहेरचं नाव कोरलेलं. न्हाणीघरात एकाच मुठीतलं शेवाळ दोन भागांत वाटलं, अर्ध्या बशा दिव्यासमोर, अर्ध्या उपड्या टोपाखाली. टोपाखालच्या बशा गोठवताना दिवा विझवला. भाताला उशीर झाला म्हणून काकी दाराबाहेर बडबडत होती.

दिव्यासमोरच्या बशांत वाटणी बदलली होती. टोपाखाली जशीच्या तशी होती. श्रीवर्धनच्या आधीच्या त्या चाचपडत काम केलेल्या दिवशी मी काही चुकले नव्हते. तेवढा एकच प्रयोग मी बरोबर केला होता, आणि तोही टॉर्च खाडीत पडला म्हणून.

कालचं उत्तर मोबाईलमध्ये तयार होतं. कोपऱ्यात जाऊन बोट लावायचं, एवढंच. तपासणाऱ्याने दिव्याबद्दल विचारलं नसतं, त्याच्याही खोलीत हिरवाच असणार. सर खूश होते. मला डिग्री हवी होती, फार हवी होती, हे इथे स्वच्छ लिहिते. मी त्या कोपऱ्यात बराच वेळ उभी राहिले. मग आत जाऊन दिवा सोडवला, कापड काढलं आणि नाखव्यांना नेऊन दिला.

“आता झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

“मोडलं?”

“मोडलं.”

“बरं,” ते म्हणाले आणि दिवा होडीच्या उजव्या अंगाला बसवू लागले.

भरती चढली. होडी पाण्यात गेली. वळताना तिचा हिरवा दिवा किनाऱ्याकडे आला, आणि मी सरांना फोन लावला. सगळं सांगितलं, मगापासून टोपापर्यंत.

“लाल शेवाळ,” सर म्हणाले.

“हो, सर.”

“लाल.”

“हो, सर. पान तीन.”

“मी वाचलंय पान तीन.” मग त्यांनी विचारलं, “टोपाच्या कडेने उजेड येत नव्हता ना?”

“खाली ओलं फडकं होतं, सर.”

“हं,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. रागावले की काय, ते कळलं नाही. रात्रीचा बोंबील मला गेला नाही.

पुणे

परतताना फेरीबोटीवर तोच माणूस होता. टॉर्च जिथे पडला तो भाग मी कठड्यावरून बघत होते, म्हणून तो जवळ येऊन उभा राहिला. त्याला माझी काळजी वाटत असावी. खाडीच्या तळाला लाल शेवाळ असेल तर बॅटरी संपेपर्यंत त्याची चंगळ झाली असणार, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेले तेव्हा सर माझ्या आधी आलेले होते. अंधारखोलीच्या टेबलावर एक मोठं स्टीलचं पातेलं उपडं ठेवलेलं होतं, खाली ओलं फडकं. पातेल्यावर सरांच्या सासूबाईंचं नाव कोरलं होतं. घरून विचारून आणलंय का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

“पेपर मागे घेतला,” सर म्हणाले. “सकाळी कळवलं. माझ्या नावाने कळवलं, खोली माझी आहे. एक वर्ष जाईल तुझं.”

“हो, सर.”

“तुझ्या घरी मी बोलेन.”

आणि मग त्यांनी हात लांब करून हिरवा दिवा बंद केला. मी त्या खोलीत आल्यापासून तो बंद झालेला कधी पाहिला नव्हता, सरांनीही बहुधा नाही. खरा अंधार झाला. पहिल्या पावलालाच दोघंही एकाच स्टुलाला अडखळलो, आणि जमिनीवर बसूनच सरांनी पहिली बशी माझ्या हातात दिली.